आम्ही मुलाकडे असतो

ह्यांनी सही केली ती स्वतःच्या पेनने. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने पेन पुढे केलं होतं, पण दुसऱ्याच्या पेनने सही करणं माझ्या नवऱ्याला आयुष्यात जमलेलं नाही. शर्टाच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, कागद सरळ केला आणि ठोकून दिली सही, खाली रेघ मारून, नेहमीसारखी. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. माझ्याकडे एकदा बघावं, 'करू का गं?' एवढं विचारावं, तर तेही नाही. कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा मागे वळून 'ही चालेल का' म्हणणारा माणूस! त्या सहीने ह्यांचं अमेरिकेचं ग्रीन कार्ड गेलं. आमचं दोघांचं एका घरात राहणंही तिथेच गेलं, पण ते कळायला मला वेळ लागला.

मुळात हे कार्ड आम्ही मागितलंच नव्हतं. आम्ही साताऱ्याची माणसं. हे पाटबंधारे खात्यात इंजिनियर, मी तहसील कचेरीत. एकुलता एक मुलगा शिकायला न्यू जर्सीला गेला, तिथेच नोकरीला लागला, पिस्कॅटवेत घर घेतलं, यथावकाश तिकडचा नागरिक झाला. नात झाली तेव्हा आम्ही पाहुण्यांच्या व्हिसावर आलो, बाळंतपण केलं, सहा महिन्यांनी परत गेलो. छान चाललं होतं. मग मुलाच्या डोक्यात आलं. म्हणाला, "आई, दरवेळी व्हिसाची कटकट कशाला? मी सिटिझन आहे, तुमचं दोघांचं ग्रीन कार्ड फाइल करतो. यायचं तेव्हा या, जायचं तेव्हा जा." हे त्याचं वाक्य मी माझ्या ह्या कानांनी ऐकलंय. यायचं तेव्हा या, जायचं तेव्हा जा. डोंबल!

कार्ड आलं तेव्हा सुनेने पेढे आणले, साताऱ्याला फोन झाले. माझी जाऊ म्हणाली, "तुमची काय बाई मजा, आता कायमच्या अमेरिकेत." तिच्या आवाजातला तो 'बाई' मला अजून आठवतो. संध्याकाळी पार्कातल्या बाकावर आमच्यासारखे सगळे जमायचे, कोणी पुण्याचे, कोणी बोरिवलीचे, सगळे मुलांकडे आलेले. तिथे नागपूरचे एक काका होते, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, ते आमचे कायदेपंडित. बोटांवर मोजून सांगायचे. नोकरी करता येते. घर घेता येतं. गाडीचं लायसन्स मिळतं. पाच वर्षं झाली की म्हातारपणाचा सरकारी विमा विकत घेता येतो, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मत तेवढं देता येत नाही. "आणि काही टेन्शन नाही, वर्षाच्या आत परत आलं की झालं," हे ते हात झटकून सांगायचे. सगळं बाक माना डोलवायचं. त्या बाकावर ऐकलेल्या कायद्यावर आम्ही विसंबलो, तिथेच फसलो.

नोकरी करायचा हक्क मिळाला तेव्हा मी सहासष्टची होते. ऐकून हसूच आलं. सकाळी सातला नात उठायची तिथून माझी नोकरी सुरू व्हायची ती रात्री ओटा पुसेपर्यंत. सून वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडून कधीच परत गेले असते. ती बिचारी स्वतःच दमून यायची, "आई, तुम्ही आहात म्हणून निभतंय" म्हणायची. असं म्हटल्यावर माणूस जाणार कुठे?

ह्यांचं मात्र तिथे कधी बस्तानच बसलं नाही. कोणी विचारलं, काका कुठे राहता, की ह्यांचं उत्तर ठरलेलं. "राहायला साताऱ्याला. सध्या मुलाकडे असतो." तीन वर्षं कार्ड खिशात घेऊन हिंडले तरी हेच. ह्यात ह्यांचं एकट्याचं काही विशेष नाही, आमच्या सगळ्यांचंच असं आहे. मुलाच्या घराला 'माझं घर' म्हणणारा बाप आमच्या पिढीत मी पाहिलेला नाही. ते आगाऊपणाचं वाटतं. आपण मुलाकडे असतो. सुनेच्या फ्रिजमध्ये भांडं ठेवायचं तर विचारून ठेवतो, फोडणी द्यायच्या आधी पंखा लावतो, टीव्हीचा आवाज ते घरी आले की कमी करतो. चार वेळा 'आपलंच घर आहे' असं मुलाने म्हटलं तर चारही वेळा बरं वाटतं आणि पाचव्या वेळी पुन्हा विचारूनच भांडं ठेवतो.

त्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आत आम्ही साताऱ्याला गेलो ते दर वर्षीसारखे चार-पाच महिन्यांसाठी. परत निघायच्या तोंडावर ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला नेलं, बायपास झाली. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. नंतर जखम चिघळली, त्यात पुन्हा दिवस गेले. अकरा महिने होत आले तशी मुलाची घालमेल सुरू झाली. रोज फोन. "बाबा, वर्षाच्या आत या. आणि एअरपोर्टवर विचारलं तर एकच सांगायचं, आय लिव्ह इन न्यू जर्सी विथ माय सन. बस. बाकी काही नाही."

"पण मी तिथे राहत नाही," हे म्हणाले.

"बाबा, यार, ग्रीन कार्ड म्हणजे तेच असतं. तुम्ही इथे राहता."

"घरपट्टी मी इथे भरतो, मतदान इथे करतो, छाती फाडली तीही इथेच. राहतो तिथे कसा?"

मुलाने कपाळाला हात लावला असणार, फोनवर दिसलं नाही तरी मला कळलं. मग त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, म्हणजे फोनवरच. "आई, काही झालं तरी कशावर सही करायची नाही. ते कार्ड परत करा म्हणतील. म्हणू दे. तू म्हणायचं, आय वॉन्ट टु सी अ जज. कार्ड काढून घ्यायचं की नाही हे जजने ठरवायचं, त्या माणसाने नाही. तो तुमचा राइट आहे." विमानात मी ते वाक्य पाढ्यासारखं घोकत आले. ह्यांना दोनदा म्हणून दाखवायला सांगितलं तर खिडकीकडे तोंड करून झोपले.

पासपोर्ट बघणाऱ्याने विचारलं, तुम्ही राहता कुठे? ह्यांचं इंग्रजी उत्तम. जन्मभर वरिष्ठांना इंग्रजीत टिपणं लिहिलेली. स्वच्छ, पूर्ण वाक्यात सांगितलं की आमचं घर सातारा, महाराष्ट्र राज्यात आहे आणि सध्या आम्ही मुलाकडे चाललो आहोत. झालं. त्याने आमचे पासपोर्ट एका फोल्डरमध्ये घातले आणि आम्हाला आतल्या खोलीत बसवलं.

खूप वेळ बसवलं. ह्यांच्या गोळीची वेळ टळून गेली, मी पाणी मागून आणलं. मग तो दुसरा अधिकारी आला, आमच्या मुलाहूनही लहान असेल. उद्धट असता तर फार बरं झालं असतं, हे चिडले असते आणि सही झाली नसती. तो इतका गोड बोलला! सर, मॅडम म्हणाला, तब्येत विचारली. म्हणाला, सर, तुम्हीच सांगताय की तुमचं घर इंडियात आहे, मग हे कार्ड तुमच्या काय कामाचं? हे कार्ड इथे राहणाऱ्यांसाठी असतं. तुम्ही हे स्वखुशीने परत करा, मी आत्ता तुम्हाला पाहुणे म्हणून आत सोडतो, पुढे व्हिसा काढून केव्हाही मुलाला भेटायला या.

पटलं हो ह्यांना! तीन वर्षं हे जे सगळ्यांना सांगत होते तेच समोरचा सांगत होता. चेहऱ्यावर इतकं समाधान, जणू कोणीतरी शेवटी ह्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. पेन निघालं, सही झाली.

मग त्याने दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी संतापले होते. अहो, दोघांचा प्रश्न आहे, दोघं शेजारी बसलोय, आणि तुम्ही मला न विचारता मोकळे झालात? नातीने महिनाभर आधीपासून आमच्या खोलीच्या दारावर चित्रं चिकटवून ठेवली होती. तिचं काय? मुलाचं काय? मी कागद परत ढकलला आणि म्हटलं, "आय वॉन्ट टु सी अ जज." आवाज फुटला, पण शब्द बरोबर आले.

तेव्हा कुठे ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, काय करतेस? ह्या वयात कोर्टकचेरी?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. परक्या माणसासमोर मी ह्यांना असं कधी बोलले नव्हते. मराठीत बोलले, पण त्या अधिकाऱ्यालाही कळलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

माझं कार्ड त्यांनी ठेवून घेतलं, कोर्टात हजर राहायचा कागद दिला आणि आत सोडलं. ह्यांच्या पासपोर्टवर काही महिन्यांचा पाहुण्याचा शिक्का मारला. बाहेर मुलगा उभा होता. गाडीत बसल्यावर त्याने एवढंच विचारलं, "बाबा, सही केलीत?" हे म्हणाले, "विचारलं, खरं ते सांगितलं."

मला वाटलं होतं, दोन-चार महिन्यांत निकाल लागेल. मुलाने वकील शोधली, इथेच जन्मलेली मराठी मुलगी. आई-बाप ठाण्याचे. मला मावशी म्हणायची, पण वाक्य मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवायची. पहिल्याच भेटीत म्हणाली, "मावशी, एक इम्पॉर्टंट गोष्ट. केस संपेपर्यंत इंडियाला जायचं नाही. गेलात तर ते म्हणणार, सी, हर होम इज देअर. प्लीज, डोन्ट ट्रॅव्हल." म्हणजे बघा. येण्या-जाण्याची सोय म्हणून जे कार्ड घेतलं, ते राखायचं तर जाणं बंद! आणि तारखा तर अशा पडायच्या की आमची कचेरी परवडली. एक तारीख पडायची, ती जवळ आली की दुसरी पडायची, त्या दुसरीलाही कोणीतरी रजेवर. मीही नोकरीत लोकांना 'पुढच्या आठवड्यात या' म्हटलेलं आहे. पण रहिवासी दाखला देताना 'नवरा कुठे राहतो' असं मी कोणा बाईला विचारलं नव्हतं.

ह्यांचे महिने संपले. पुण्याच्या डॉक्टरांकडे तपासणीही होती. मी गोळ्यांचे डबे भरून दिले, सकाळचा, दुपारचा, रात्रीचा. हे म्हणाले, "तू मिटवून ये लवकर. नाहीतर मी येतो व्हिसा काढून, त्या एअरपोर्टवरच्या मुलाने सांगितलंच आहे." हो, सांगितलं होतं ना. केव्हाही या.

साताऱ्याला गेल्यावर ह्यांनी व्हिसाचा अर्ज केला. मुंबईला मुलाखतीला गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. खिडकीतल्या बाईने विचारलं, पत्नी कुठे? अमेरिकेत. मुलगा? अमेरिकेत. नात? अमेरिकेत. मग इथे परत येण्यासारखं तुमचं काय आहे? हे म्हणाले, "माझं घर आहे." तिने पासपोर्ट परत दिला. व्हिसा नाही.

मला फोनवर हे सांगताना ह्यांचा आवाज अगदी साधा होता, पेपरातली बातमी वाचून दाखवावी तसा. माझं मात्र डोकं फिरलं. अरे, ह्या दोन खिडक्या एकाच देशाच्या ना? एका खिडकीत म्हणता, तुमचं घर साताऱ्याला आहे, कार्ड परत करा. दुसऱ्या खिडकीत म्हणता, साताऱ्याला तुमचं आहेच कोण, तुम्ही आलात तर परत जाणारच नाही. माणसाने खरं बोलायचं तरी कोणत्या खिडकीत? मुलगा म्हणाला, "बाबा, मी पुन्हा तुमचं ग्रीन कार्ड फाइल करतो, लागेल थोडा वेळ." हे म्हणाले, "एकदा परत केलेली वस्तू मी मागायला जात नाही." मी ओरडले, रडले, दोन दिवस फोन घेतला नाही. उपयोग शून्य. बायपासमध्ये सगळं बदललं, हट्ट काही बदलला नाही.

मग सुरू झालं आमचं फोनवरचं लग्न. त्यांची संध्याकाळ ती माझी सकाळ. नातीचा डबा भरता भरता मी फोन ओट्यावर उभा करून ठेवायचे. सुरुवातीला हे रोज काहीतरी विचारायचे. हिंग कुठे आहे? कुकरला शिट्ट्या किती? जाड चादरी कोणत्या कपाटात? मी इथून सांगायचे, वरच्या फळीवर, डाव्या हाताला, पितळी डब्याच्या मागे. मला सगळं डोळ्यांपुढे दिसायचं. मग एक स्वयंपाकाच्या बाई लागल्या. विचारणं कमी होत गेलं. एकदा मीच विचारलं, "मिसळणाचा डबा भरलाय का?" तर म्हणाले, "त्या बाईंनी सगळं नवीन लावलंय. तुला नाही कळायचं आता."

तुला नाही कळायचं! माझ्या स्वयंपाकघरातलं! मी फोन पालथा घातला आणि नातीच्या डब्यात पोळीचा रोल कोंबला. ती म्हणाली, "आजी, नॉट सो टाइट!"

आणि तीही मोठी होत होती. मी आले तेव्हा माझ्या अंगावर झोपणारी मुलगी आता पिवळ्या बसने शाळेत जायला लागली. मी बुटांची नाडी बांधायला वाकले की "आजी, आय कॅन डू इट." मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, तेही खोलीतून जाता जाता. दुपारभर घरात मी आणि धुलाईच्या मशीनचा आवाज. एक दिवस मुलाला म्हटलंच. "पुरे झालं. मी देऊन टाकते ते कार्ड आणि जाते घरी."

तो जेवत होता, घास तसाच राहिला. "आई, तू आता हरलीस किंवा सोडून दिलंस, तर तुझंही बाबांसारखं होईल. व्हिसा मिळणार नाही. आम्ही तिकडे येणार दोन वर्षांतून एकदा, दोन आठवडे. मग हिला कधी बघणार तू?" सुनेच्या डोळ्यांत पाणी. त्याचं खोटं नव्हतं, हेच तर दुःख. कार्ड राखलं तर नवरा नाही, टाकलं तर मुलगा आणि नात नाही. ह्याला ते हक्क म्हणतात. मरो तो हक्क. मी ताट उचललं.

शेवटी सुनावणीची तारीख खरोखरच आली. वकील मुलीने समोर बसवून समजावलं. सरकारी वकील म्हणणार की हिचा नवरा इंडियात राहतो, चाळीस वर्षांचा संसार तिकडे, म्हणजे हिचं घर तिकडेच. त्याला उत्तर एकच, काकांनी स्वतः साक्ष द्यायची, व्हिडिओवरून. त्यांनी सांगायचं की ते घर आता फक्त त्यांचं आहे, बायकोचं घर अमेरिकेत मुलाबरोबर आहे.

मला हसू आलं. "अगं, तू ओळखत नाहीस त्यांना. एअरपोर्टवर साधं 'मुलाबरोबर राहतो' म्हणवलं नाही त्यांच्याच्याने. हे बोलतील? जीव गेला तरी नाही."

"मी बोलले त्यांच्याशी," ती म्हणाली. "ही सेड, बघतो."

बघतो. म्हणजे काय ते मला पुरतं ठाऊक होतं. मुलीच्या स्थळाला नकार द्यायचा असला तरी हे लोक 'बघतो' म्हणतात. आणि खरं सांगते, इतके दिवस कोणाला सांगितलं नाही, मला त्याचा आनंद झाला. सुनावणीच्या आधी मला शांत झोप लागायची. विचारतील, तुमच्या बायकोचं घर कुठे? आणि हा माणूस म्हणेल, इथे, साताऱ्यात, दुसरं कुठे असणार? मी केस हरेन. मुलाला तोंड दाखवायला जागा राहील, मी माझ्याकडून सगळं केलं, काय करणार, तुझ्या बाबांनी खरं सांगितलं. आणि मी घरी जाईन. मिसळणाचा डबा जसा होता तसा लावीन. माझ्यासाठी ह्यांनी एवढं एक करावं, पुन्हा एकदा तसंच हट्टाने खरं बोलावं, एवढीच माझी इच्छा होती.

कोर्ट म्हणजे एक छोटी खोली. जज एक बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. दुभाषी फोनवरून, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या. आधी मला शपथ दिली. मी घोकलेलं सगळं सांगितलं. टॅक्स इथे भरते, डॉक्टर इथे, लायब्ररीचं कार्ड आहे, नात शाळेतून येते तेव्हा घरी मी असते. तुमचं घर कुठे आहे? "माझं घर इथे आहे," मी म्हटलं. मला वाटत होतं, म्हणायला काय जातंय, पुढे हे आहेत ना सांभाळायला.

मग पडद्यावर ह्यांचा चेहरा आला. मागे आमची भिंत, त्यावरचं शोकेस. मी शोकेसमधल्या वस्तू ओळखत होते तोवर त्यांची शपथ झालीसुद्धा. हे इंग्रजीतच बोलले, दुभाषी नको म्हणाले. सरकारी वकिलाने विचारलं, ह्या घरात तुमच्या पत्नी किती वर्षं राहिल्या? लग्न झाल्यापासून. त्यांचं सामान अजून तिथे आहे का? काही साड्या होत्या, ह्यांनी सांगितलं, त्या मी बांधून ठेवल्या आहेत, मुलगा आला की घेऊन जाईल.

मला हे माहीत नव्हतं. माझ्या साड्या बांधल्या?

तुमच्या पत्नीला परत यायला तिथे घर आहे, असं तुम्ही म्हणाल का?

हे थांबले नाहीत, चाचरले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. "नो, सर," म्हणाले. "हे घर माझं आहे. तिचं घर मुलाकडे आहे. तिचं इथे आता काही नाही."

मी मुलाकडे बघितलं. त्याने आनंदाने डोळे मिटले होते.

केस जिंकले. जज बाई हसून म्हणाल्या की तुम्ही कायमच्या रहिवासी आहात, आधीपासून होतातच. वकील मुलीने मला मिठी मारली. "मावशी, काका वॉज अमेझिंग! सो क्लिअर!" मुलाने गाडीतूनच सगळ्यांना फोन केले. सुनेने केक आणला, नातीने त्यावरचा गुलाब मला दिला. आता मी भारतात जाऊ शकते, असं वकील मुलीने समजावून सांगितलं. थोडे दिवस, भेटायला म्हणून, फार काळ राहायचं नाही, आणि परतीचं तिकीट आधी काढायचं.

संध्याकाळी सगळे खाली केक खात असताना मी वरच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि फोन लावला. तिकडे पहाट होती, हे उठलेलेच असतात.

"जिंकलीस म्हणे," हे म्हणाले.

"हो." मग मला राहवलं नाही. "माझ्यासाठी खोटं बोललात ना? आयुष्यात पहिल्यांदा. सांगा ना, खोटं बोललात ना?"

तिकडे नळाचा आवाज येत होता, तो त्यांनी बंद केला.

"शपथ घेतली होती गं मी," हे म्हणाले. मग मला जेवलीस का विचारलं, आणि फोन ठेवला.